परत आलेली पिशवी

हीनाला मुलगी झाली, पण बाळंतिणीचं रक्त काही थांबेना. "ओ निगेटिव्ह पाहिजे, आत्ताच्या आत्ता," अमरावतीच्या त्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तिचा सासरा इनायतुल्ला बाही वर सारून उभाच राहिला. त्याचाही तोच गट. बाईंना कोपरातली चिकटपट्टी दिसली.

"चाचा, तुमी कालच देलं ना? आज नाही घेता येत."

काल भातकुलीच्या दुर्गाबाईच्या नातवासाठी, ओळख ना पाळख, त्यानं रक्त दिलं होतं. म्हातारीनं त्याचे दोन्ही हात कपाळाला लावले होते. "तुमच्या घराले काईच कमी पडणार नाही, भाऊ."

तो रक्तपेढीकडे धावला. तिथल्या माणसानं फ्रीज उघडला. "एकच पिशवी हाये. काल तुमीच देलेली. त्यायले आता लागत नाही."

"काहून? बरा झाला पोट्टा?"

माणसानं नुसती पिशवी पुढे केली.

ती खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली धरून, जीव मुठीत घेऊन तो वॉर्डाकडे पळाला. जिन्यात दुर्गाबाई बसली होती. त्याला पाहताच ती कशीबशी उठली, हात जोडून म्हणाली, "आज बी द्याले आले, भाऊ? आता नोको. दुसऱ्या कोनाच्या लेकराले द्या."