एकमताने मंजूर

निवृत्त न्यायाधीश उभी हयात एकच सांगत आले होते, कायदा डोक्याने करावा, डोळ्यांतल्या पाण्याने नव्हे. पण सकाळी रस्त्यावरच्या कुत्र्याने नातीच्या पोटरीचा लचका तोडला आणि संध्याकाळी तिला मांडीवर घेऊनच त्यांनी इमारतीतल्या सगळ्यांची बैठक बोलावली. पोरीचे हुंदके काही थांबेनात.

"उद्यापासून इमारतीत एकही कुत्रं नको."

"पाळलेलंसुद्धा?" कुणीतरी चाचरत विचारलं.

"अपवाद ठेवले की नियमाची चाळणी होते. करा हात वर!"

भराभर हात वर झाले. तळमजल्यावरच्या अंध गायनमास्तरांनीही हात वर केला. त्यांना रोज वाट दाखवणारी कुत्री पायाशी निमूट बसली होती.

न्यायाधीश चपापले. "अहो मास्तर, तुम्ही कशाला?"

"लेकरू केव्हाचं रडतंय साहेब, ऐकवत नाही. तिची भीती जाणार असेल, तर जाऊ दे हिला." मास्तरांनी कुत्रीच्या डोक्यावरून हात फिरवला. "फक्त उद्यापासून मला शाळेपर्यंत कोण सोडेल?"

आता एकही हात वर झाला नाही. ज्याला काही दिसतच नव्हतं, त्याच्यासमोर न्यायाधीशांनी नातीच्या केसांत तोंड लपवलं.