मागची जागा

समोरच्या संघाचा विंगर फुटबॉल घेऊन तिसऱ्यांदा खिळ्याच्या अंगावर येत होता आणि खिळ्याला मागून काहीच ऐकू येत नव्हतं.

मैदान दणाणत असणार. कडेला कारखान्याची अख्खी पाळी उभी होती, सगळ्यांची तोंडं उघडी होती. खिळ्याच्या कानात मात्र पंख्यासारखी एकसुरी घरघर. पत्रा दाबणाऱ्या प्रेसपाशी वीस वर्षं उभं राहिल्याचं हे बक्षीस.

कामावर तो निभावून नेत असे. समोरच्याचे ओठ वाचायचे, बाकीचे हसले की हसायचं. घरी बायको करवादायची, "कानात बोळे घातलेत का?" तो म्हणायचा, "तुझं ऐकून ऐकूनच बसले ते." मग ती हसायची आणि तेवढ्यापुरती वेळ निभायची. पण मैदानात ओठ काय कामाचे? हाक पाठीमागून यायची. खिळ्यानं विंगरला गाठायचं आणि प्रेसवरच्याच त्याच्या सोबत्यानं, दणदणीत आवाजामुळे सगळे ज्याला भोंगा म्हणत त्यानं, त्याच्यामागे तिरकं येऊन उभं राहायचं, अशी ही आठ वर्षांची जोडी. जागा धरली की भोंगा ओरडायचा, "जा, मी आहे!" मग खिळ्यानं बेधडक घुसायचं. हुकलं तरी मागे भोंगा. हाक आली नाही तर घुसायचं नाही, मागे सरकत विंगरला नुसतं खेळवत ठेवायचं.

आता हाक आली काय आणि न आली काय, खिळ्याला सारखंच होतं. आज दोनदा तो मागे सरकला होता. दुसऱ्या वेळी चेंडू गोलच्या दांडीला लागून परतला आणि रेषेपाशी बसलेले कारखान्याचे सुरक्षा साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले.

त्याला खरी भीती त्या खुर्चीची होती. ज्याला धोक्याचा गजर ऐकू येत नाही त्याला प्रेसवर उभं करायचं नाही, हा साहेबांचा नियम. प्रेस सुटली की घरी बसायचं. या वयात दारात तरी कोण उभं करतं! दोन महिन्यांपूर्वी गजराची तालीम झाली, तेव्हा सगळे यंत्रं थांबवून बाहेर पडले आणि खिळा आपला पत्रा सरकवतच राहिला. भोंग्यानं दंड धरून ओढलं तेव्हा कुठे त्याला कळलं. भोंगा त्यावर चकार शब्द बोलला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हापासून भोंग्याची नजर सारखी आपल्या पाठीवर आहे, असं खिळ्याला वाटायचं आणि रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही. हा आज ना उद्या साहेबांच्या कानावर घालणार, हे त्यानं मनाशी धरूनच ठेवलं होतं.

पाच मिनिटं उरली होती. खिळ्याचा संघ एका गोलनं पुढे होता. विंगर चेंडू पुढे ढकलत जवळ आला. पुन्हा मागे सरकलो तर साहेब का उठले होते, ते साऱ्या कारखान्याला कळेल. पुढे गेलो आणि मागे कुणीच नसलं तर? त्यानं दात आवळले आणि तो घुसला.

चेंडू त्याच्या पायाला लागलाच नाही. विंगर बगलेतून निसटला. खिळा गवतावर आपटला, मान वळवायचाही धीर होईना. शेवटी वळून पाहिलं, तर भोंग्यानं चेंडू रेषेबाहेर टोलवला होता.

थोड्या वेळानं सगळे पळायचे थांबले, तेव्हा शिट्टी झाल्याचं त्याला समजलं.

साहेब सरळ चालत त्या दोघांपाशी आले. "चांगले घुसलात. हाक ऐकू आली वाटतं?"

"न येऊन कसं चालेल, साहेब?" खिळा ओठ वाचून घाईनं म्हणाला. "ह्याचा आवाज म्हणजे चार गल्ल्यांपलीकडचं पोर दचकून उठेल!"

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "मी दहा पावलांवर बसलो होतो. मला तर काहीच ऐकू आलं नाही."

म्हणजे भोंग्यानं हाक मारलीच नव्हती. आपल्याच हातानं खिळ्यानं आपला खड्डा खणला होता. आता भोंग्याचा एक शब्द पुरे होता. खिळ्यानं त्याच्याकडे पाहिलं. भोंग्याचा हात गळ्यावर होता.

"घसा बसलाय, साहेब," भोंग्याचे ओठ हलले. "नुसता पुटपुटलो. पण ह्याचे कान भारी तिखट!"

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, मान डोलावली आणि ते निघून गेले.

"हाक का नाही मारलीस?" खिळा भोंग्यावर उखडला. "मेलो असतो ना आज!"

भोंग्यानं आजूबाजूला कुणी नाही असं पाहिलं, खिळ्याला खांदे धरून समोर उभं केलं आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "दोन महिन्यांत एकदाही मारलेली नाही. मी ओरडतोय आणि तू हलत नाहीस, हे लोकांना दिसायला नको, म्हणून गुपचूप तुझ्यामागे येऊन उभा राहतो."