टॅमरॅक लेनची मोजणी

मार्व्हा लिंडक्विस्टने सकाळपासून तिसऱ्यांदा गाडी त्या काळ्या रबरी नळीवरून नेली. धप् धप्. आणखी एक गाडी मोजली गेली. नाक्यापर्यंत जाऊन ती वळली आणि परत आली. धप् धप्.

टॅमरॅक लेनमध्ये घरं एकतीस. रस्ता पुढे बंद. टोकाला लाल-पांढऱ्या पट्ट्यांची आडवी फळी आणि फळीपलीकडे क्लोव्हर रिजची नवी वसाहत. त्या लोकांना फळी काढून रस्ता जोडून हवा होता. शाळा आणि दुकानं चार मिनिटांवर आली असती. म्हणून नगरपरिषदेने लेनमधल्या गाड्या मोजायला आठवडाभर ही नळी रस्त्यावर आडवी टाकली होती.

बेत मार्व्हाचाच. इथे आधीच गाड्यांची रीघ लागलेली आहे असं आकड्यानेच दाखवलं, तर आणखी गाड्या आत सोडायला कोण धजावेल? लेनने तो मनावर घेतला. लोक दूध आणायला एकदा जात आणि ते घरी ठेवून लोणी आणायला पुन्हा निघत. शेजारचा ड्वेन पेल्टो तर काहीच न आणता हिंडत होता.

"मार्व्हा, अगं माझ्या चौदा फेऱ्या झाल्या आज," त्याने कुंपणावरून हाक मारली. "आमचं कुत्रं आता गाडीत बसायला नाही म्हणतंय."

"मग मांजर ने," मार्व्हा म्हणाली.

ती हसली खरी, पण तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. चार वाजले होते. तिचा नवरा ऑर्विल टोपी घालून बाहेर पडत होता. चौतीस वर्षं त्याने या गावात टपाल वाटलं. आता बायकोचं नाव त्याला कधी आठवे, कधी आठवत नसे. पण चारला निघायचं हे त्याचे पाय विसरले नव्हते. तो रस्त्याच्या टोकाला जाई, फळीवर तळहाताने दोनदा थोपटे आणि वळून घरी येई. फळी आली की फेरी संपली, एवढं त्याला अजून कळत होतं.

फळीच नसली तर तो कुठून वळणार? शेजाऱ्यांना वाटे, ऑर्विल जरा विसराळू झालाय. त्यांना तेवढंच माहीत असलेलं बरं होतं. ज्याने गावाची पत्रं घरोघर पोचवली त्याची गावाने कीव करावी, हे तिला सोसलं नसतं.

मंगळवारी संध्याकाळी परिषदेचं सभागृह भरलं. कुणीतरी लिंबाच्या वड्या आणल्या होत्या. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं. वेळ संपली की टेबलावरचा दिवा लाल होई. लेनमधून नऊ जण बोलले.

"माझ्या दारातून रस्ता ओलांडायला पाच पाच मिनिटं थांबावं लागतं," ड्वेनने ठोकून दिलं. मार्व्हाने मान खाली घातली.

मग तिची पाळी आली. गावाचा रस्ते-अभियंता टोबायस हर्स्ट समोर दोन कागद शेजारी शेजारी ठेवून बसला होता. पोरसवदा, सावकाश बोलणारा माणूस.

"लिंडक्विस्ट बाई, दिवसाला सहाशे चाळीस गाड्या," तो म्हणाला. "एकतीस घरांच्या मानाने जरा जास्तच, नाही?"

मागे कुणीतरी खोकलं. मार्व्हाने मागे वळून पाहिलं नाही.

"आमच्याकडे लोक फार कामाचे आहेत."

"त्या आठवड्यात काही विशेष होतं का? लग्नबिग्न, अंगणात जुन्या सामानाची विक्री? तसं असेल तर हा आकडा बाद करू आणि पुन्हा मोजू. मला काही अडचण नाही."

पुन्हा मोजणार, आणि या वेळी हा स्वतः नळीपाशी येऊन उभा राहणार. मार्व्हाने घाईने उत्तर दिलं.

"नेहमीसारखाच आठवडा होता. पुन्हा मोजायची काही गरज नाही."

"रस्ता बंद राहावा असं वाटण्याचं आणखी काही कारण? सांगा, मी नोंदवून घेतो."

त्याच्या आवाजात खोच नव्हती. क्षणभर तिला वाटलं, सांगून टाकावं. ऑर्विल मागच्या बाकावर मांडीवर टोपी घेऊन शहाण्यासारखा बसला होता. त्याने शर्टाची बटणंसुद्धा आज स्वतः लावली होती.

"नाही," ती म्हणाली. "आकडाच पुरेसा आहे."

दिवा लाल झाला.

नगराध्यक्ष डार्लीन कोस्कींनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. "मग सहाशे चाळीस हा आकडा कायम धरायचा? टॅमरॅक लेनची काही हरकत?"

"धरा, धरा!" लेन एका आवाजात म्हणाली. ड्वेनने तर टाळी वाजवली.

मार्व्हा ऑर्विलशेजारी येऊन बसली. त्याचा हात तिने हातात घेतला. कुणीच पकडलं नव्हतं. आठवड्याभरात पहिल्यांदाच तिला मोकळा श्वास घेता आला.

समोर टोबायसने दोन कागदांपैकी एक घडी करून खिशात ठेवला.

"मागच्या वर्षी मोजल्या तेव्हा इथे दोनशे साठ गाड्या भरल्या होत्या," तो म्हणाला. "तेवढ्यांसाठी रस्ता जोडायचं कारण नाही, प्रस्ताव सोडून द्या, असं सांगायलाच मी आज आलो होतो. पण बंद रस्त्यावर दिवसाला चारशेच्या वर गाड्या गेल्या, तर आगीचा बंब किंवा रुग्णवाहिका यायला एक तोंड पुरत नाही. मग दुसरं तोंड काढणं गावाच्या नियमाने सक्तीचं आहे. मतदानही घ्यावं लागत नाही."

त्याने मार्व्हाकडे पाहून आपुलकीने मान हलवली.

"तुमची अडचण कळली, लिंडक्विस्ट बाई. उशीर होऊ देणार नाही. सोमवारी सकाळीच फळी काढतो."