न कापलेला फोटो

“हा एवढा कडेचा भाग कापून टाका ना, भाऊ,” बाई म्हणाली. फोटोच्या डाव्या कडेवर तिने तळहात दाबून धरला होता.

फोटोग्राफर स्टुलावरून खाली उतरला. उद्या संध्याकाळी फोटो क्लबाच्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. दारासमोरची मुख्य भिंत यंदा त्याला मिळाली होती. त्या भिंतीवरून क्लबात इतके रुसवेफुगवे झाले होते की दोघा सभासदांनी एकमेकांशी बोलणंच टाकलं होतं. आणि अशा भिंतीवरच्या फोटोला कात्री लावायची? काहीतरीच!

पण बाईला तोडून बोलणं त्याला जमेना. फोटो तिचाच होता. दोन वर्षांपूर्वी तिचा मुलगा नदीत बुडाला. काठावर त्याचा शर्ट आणि चपला सापडल्या, तो काही सापडला नाही. होड्या पाणी ढवळत होत्या, सगळी गर्दी नदीकडे डोळे लावून उभी होती, आणि आई तेवढी पाण्याकडे पाठ करून उभी होती. एक हात पुढे, कुणाला तरी दूर लोटल्यासारखा. पेपराने पहिल्या पानावर या फोटोतला तिचा चेहरा आणि तो हात, एवढंच छापलं होतं. खाली ओळ होती, ‘आईला पाणी बघवेना’. सगळं शहर हळहळलं. फोटोग्राफरचं नाव झालं.

यंदा मात्र क्लबाने नियमच केला होता. फोटो कापायचा नाही, कॅमेऱ्यात आला तसा अख्खा लावायचा. त्यामुळे डावीकडचा रस्ता पहिल्यांदाच लोकांसमोर येणार होता. रस्त्यापलीकडे बसथांबा होता. बस उभी होती आणि माणसं चढत होती.

“ताई, पेपरवाल्यांना जागेची मारामार, म्हणून ते कापतात. खरा फोटो हा आहे,” तो समजावणीच्या सुरात म्हणाला. “इकडे आईचं काळीज फाटतंय आणि तिकडे लोक बस पकडतायत. तो बसथांबा काढला तर फोटोत राहिलं काय?”

“मी राहीन ना. पेपरात होते तेवढी. तेवढीच लावा मला.”

“पण का?”

“उद्या हे येणार आहेत.”

ते त्याला ठाऊक होतं. मुलाच्या वडिलांच्या हातून उद्घाटन, ही अध्यक्षांची कल्पना. त्याने बातमी मोठी येते, असं त्यांचं गणित होतं.

“ह्यांचा राग तुम्हाला माहीत नाही, भाऊ. घरी गेल्यावर मग...” बाईने वाक्य तसंच सोडलं.

फोटोग्राफरला वाटलं, बापाची जखम उघडी पडेल याची तिला धास्ती आहे. त्याला तिची खरोखर कणव आली. “रागावले तर माझ्यावर रागावू देत,” तो मोठ्या मनाने म्हणाला. पण मुख्य भिंत ती मुख्य भिंत. फोटो त्याने कापला नाही. बाईने हात काढला तेव्हा काचेवर घामाचा ठसा उमटला होता. तो त्याने फडक्याने पुसून घेतला.

दुसऱ्या दिवशी हॉल भरून गेला. सगळ्यांच्या गळ्यात कॅमेरे होते आणि दुसऱ्याच्या फोटोपुढे आलं की सगळ्यांची नाकं मुरडत होती. अध्यक्ष प्रकाश आणि अंधार यांवर इतकं बोलले की चहा निवून गेला. मग बाईच्या नवऱ्याने फीत कापली. इस्त्रीचा शर्ट, खाली मान, हळू बोलणं. बाई त्याच्या मागे एक पाऊल सोडून उभी होती. हा माणूस कसला रागावतोय, असं वाटून फोटोग्राफर निर्धास्त झाला.

त्याने स्वतःच नवऱ्याला फोटोपुढे नेलं. नवऱ्याने बायकोचा चेहरा पाहिला, मान हलवली. तेवढ्यावर थांबेल तर तो फोटोग्राफर कसला! त्याने बसथांबा दाखवला, शहराची बेपर्वाई समजावून सांगितली. ऐकायचं म्हणून नवरा कडेपाशी वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

“बसवरची पाटी वाचता येते का हो?” त्याने विचारलं.

“येते ना! लेन्सच तशी आहे,” फोटोग्राफर खुलला. त्याने पाटीवरचं गावाचं नाव मोठ्याने वाचूनही दाखवलं.

बसच्या पायरीवर एक मुलगा होता. खांद्याला पिशवी, एक पाय अजून रस्त्यावर. तो वळून मागे पाहत होता. चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा, पण स्वच्छ. पेपरात बाईच्या फोटोशेजारी बुडालेल्या मुलाचा म्हणून हाच चेहरा छापला होता.

नवऱ्याचं बोट काचेवरून सरकत गेलं, मुलाच्या चेहऱ्यापासून थेट बाईच्या डोळ्यांपर्यंत. बोटामागोमाग फोटोग्राफरची नजर गेली. इतके दिवस तो सगळ्यांना सांगत आला होता की हिला पाणी बघवत नाही. ती बसकडे बघत होती. तो हात कुणाला लोटत नव्हता. कालच्या आपल्या मोठ्या मनाची त्याला शिसारी आली.

नवरा सरळ झाला. त्याने बायकोच्या खांद्यावर हात टाकून तिला जवळ ओढलं. हॉलमधल्या लोकांचे डोळे पाणावले. दुःखात बुडालेले आईबाप आणि मागे तोच फोटो! सगळ्यांनी भराभर कॅमेरे उचलले.

नवरा तिच्या कानाशी काय बोलला, ते एकट्या फोटोग्राफरला ऐकू आलं.

“त्याला जा म्हणालीस ते दिसलं. गाव कळलं. आता घरी चल आणि पत्ता सांग.”