वरची ओळ

"या कागदाप्रमाणे तुम्ही दोन वर्षांच्या असतानाच वारलात," टेबलापलीकडचा जर्मन वकिलातीतला अधिकारी म्हणाला.

पोरगेलासाच होता. जर्मनीहून कझाकस्तानात, अल्माटीत येऊन त्याला तीन महिनेही झाले नव्हते आणि इथली सर्दी काही त्याला सोडत नव्हती.

"मेले असते तर पहाटेपासून तुमच्या दारात रांगेत कशाला तिष्ठले असते?" सत्त्याहत्तर वर्षांची रोझिना म्हणाली.

कॅथरिनाने आईच्या गुडघ्यावर हात दाबला. थट्टेची वेळ नव्हती ही. घर विकून झालं होतं, गाय शेजारणीच्या गोठ्यात गेली होती, आणि जर्मनीत राहायला जाण्यासाठी आपण मूळचे जर्मन हे याच टेबलावर सिद्ध व्हायचं होतं. आडनाव रशियन कचेऱ्यांत लिहून लिहून ओळखू येईनासं झालेलं, म्हणून तिनं घरातल्या नावांचाच माग धरला. त्यांच्यात थोरल्या मुलीला आईच्या आईचं नाव. रोझिनाच्या पोटी कॅथरिना, कॅथरिनाच्या पोटी रोझिना. ही दोनच नावं एकाआड एक धरत ती रशियातल्या व्होल्गा नदीकाठच्या त्यांच्या जुन्या गावातून पार जर्मनीतल्या हेस्सेनच्या एका खेड्यापर्यंत पोचली होती. चर्चच्या जन्ममृत्यूच्या वहीतले उतारे मिळवण्यात दोन वर्षं गेली. त्यातली जुनी वळणदार अक्षरं तिला धड वाचता येत नव्हती. नाव हाती लागलं, तेवढ्यावर ती खूश होती.

अधिकाऱ्याला मात्र ती अक्षरं वाचता येत होती.

"रोझिना. जन्म एकोणीसशे सोळा, मृत्यू अठरा," त्याचं बोट ओळीवरून सरकलं. "तुमच्या पासपोर्टात जन्म वीस सालचा आहे. म्हणजे हा उतारा दुसऱ्या कुणाचा तरी."

"ती पहिली रोझिना. मी दुसरी."

"सख्ख्या बहिणी? आणि नाव एकच?"

"माझी आजी हयात होती ना. तिचं नाव घरात नको? मूल गेलं म्हणून नाव टाकून देत नसत. पुढची मुलगी झाली की तिला देत."

"अशी रीत ऐकून आहे मी," तो म्हणाला. "पण तुमच्या घरात ती होती कशावरून? वीस सालची वही?"

"जळाली."

"मग दुसरा काही पुरावा?"

रोझिनाने डोक्याच्या रुमालाचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"ही काय, शेजारी बसलीय."

कॅथरिनाला हसू आलं. "आई, अगं, मी थोरली आहे."

"तू सत्तेचाळीस सालची. थोरली चाळीस सालची." आई तिच्याकडे बघत नव्हती. "लढाई सुरू झाल्यावर जर्मन म्हणून आम्हा सगळ्यांना गावातून उचलून इकडे धाडलं तेव्हा दीड वर्षाची होती. नवव्या दिवशी आगगाडीच्या डब्यातच गेली. गाडी थांबली तेव्हा शिपायानं तिला माझ्या हातातून घेतली. स्टेशनवर पाटी होती. मला रशियन वाचता येत नव्हतं तेव्हा."

लहानपणी कॅथरिनाची वेणी घालताना आजी आल्यागेल्याला सांगायची, "ही तरी राहिली." आपलं केवढं कौतुक, असं तिला वाटायचं.

अधिकाऱ्याने नाक शिंकरलं. गरजेपेक्षा जरा जास्त वेळच. मग रोझिनाचा अर्ज फिरवून त्यानं तो कॅथरिनापुढे सरकवला.

"अपत्यांच्या रकान्यात सगळी लिहा. गेलेलीसुद्धा."

"मग होईल ना आमचं?" कॅथरिनाने विचारलं.

"ते वरचे ठरवतील. आधी लिहा."

पहिल्या ओळीत तिनं घरीच, ठळक अक्षरांत, स्वतःचं नाव घातलं होतं. त्याच्या वर जेमतेम बोटभर जागा होती. तिथं ती आपलंच नाव लिहू लागली. पेन भराभर चाललं होतं, हे एकदाचं उरकून टाकावं तसं.

आईनं तिचं मनगट धरलं.

"सावकाश. अक्षर सुबक काढ. कुठं साधा क्रूससुद्धा नाही गं तिचा."