बलुताखाली

अगानने बंदूक खांद्याला लावली. समोरच्या बलुताच्या झाडाखाली कुणीतरी फळं कडाकडा फोडत होतं.

दोन दिवसांवर अगानच्या नातवाची मेजवानी होती. पहिलं नातवंड झालं की बोर्निओतल्या आमच्या केलाबित लोकांत आजोबाही नवं नाव घेतात आणि सगळ्या गावाला रानडुकराचं मांस वाढतात. पण साथीत डोंगरातली डुकरं मेली, त्यानंतर कुणाला एकही दिसलं नव्हतं. बलुताची झाडं फळत, फळं खाली पडून कुजत. सकाळीच सुपांग विहीणबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "व्याहीबुवा, नाव वाघासारखं घेणार आणि ताटात कोंबडी वाढणार होय?"

झुडूप हललं. लांबट तोंडाची, दाढीवाली डुकरीण बाहेर आली. अगानचं बोट चापावर गेलं. तेवढ्यात तिच्यामागून पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं धडपडत आली आणि एका फळावरून एकमेकांना ढुशा देऊ लागली.

अगानने बंदूक खाली घेतली. हसू फुटू नये म्हणून तोंडावर हात दाबला. डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं. ती पोट भरून निघून जाईपर्यंत तो जागचा हलला नाही. मग उतारावरून धावत सुटला.

गावात लोक अंगणातच जमले होते.

"मिळालं का?" बायकोने, सिगांगने, विचारलं.

"मिळालं! वर बलुताखाली आहे. पिल्लांसकट!"

"मग आणलं का नाहीस?"

"तिला बाळं आहेत गं!"

"बंदूक काय ओवाळायला नेली होती?" विहीणबाई कडाडल्या. मग एकदम थांबल्या. "पिल्लं? खरंच पिल्लं?"

"पट्टेवाली. भांडत होती फळावरून."

विहीणबाई मटकन खाली बसल्या आणि लहान मुलीसारख्या हसायला लागल्या. त्यांचं पाहून सारं अंगण हसायला लागलं.

मेजवानीला शेवटी कोंबड्याच शिजल्या. पंचांनी नवं नाव विचारलं. अगानने एक भारदस्त नाव कधीच ठरवून ठेवलं होतं. तो बोलणार, तोच चुलीपाशी बसलेल्या विहीणबाई ओरडल्या, "रिकाम्या हाताने आलेला!"

हास्याचा स्फोट झाला. तो ओसरेपर्यंत अगान उभाच राहिला. मग बाळाला छातीशी धरून म्हणाला, "पंच, हेच लावा. माझ्या नातवाला डुकरं बघायला मिळणार आहेत."