मावेना इतकं

अमेरिकेतल्या डुलूथ शहरातल्या एका प्रयोगशाळेत मार्लिस राउटरमधल्या चुका शोधायची. नावाच्या रकान्यात मावणार नाहीत एवढी अक्षरं कोंबली, की कच्चा राउटर आपल्या मेमरीतलं काहीबाही बाहेर ओकतो. नवरा रोलंड गेल्यानंतर ती आज पहिल्यांदाच कामावर आली होती.

तिनं नवाकोरा राउटर खोक्यातून काढून जोडला आणि अक्षरं कोंबली. पडद्यावर ओळ उमटली, 'मार्ली, जेवलीस का?'

तिला मार्ली फक्त रोलंड म्हणायचा.

"कुणीतरी चावटपणा केलाय," शेजारच्या टेबलावरचा ड्वेन म्हणाला. "थांब, वायर काढतो."

"राहू दे रे." रडत रडतच तिनं टाइप केलं, 'नाही अजून. तू कुठे आहेस?'

तोवर ड्वेननं वायर उपटली होती. राउटरचे दिवे विझले.

पडद्यावर एकेक अक्षर उमटत गेलं, 'इथे जागा फार कमी आहे गं.'